छऱ्याच्या बंदुकीतून एकच गोळी

करकंबसारख्या गावी बंदुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ही किती लांब मारते?" विकणारा एक आकडा सांगतो, घेणारा त्यात आपली भर घालतो, आणि पारावर येईपर्यंत तो आकडा दुप्पट झालेला असतो. आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारावयाचे ते असे : ही बंदूक, हे काडतूस आणि हा आपला हात या तिघांच्या मेळाने किती अंतरापर्यंत प्रत्येक गोळी वीतभर वर्तुळात पडते? वीतभर म्हणण्याचे कारण असे की, हरीण असो वा रानडुक्कर, ज्या जागी गोळी लागली असता जनावर तडफडत न राहता पडते ती छातीतील जागा साधारण वीतभरच असते. या एका प्रश्नाचे उत्तर ज्याने मिळविले त्याला बंदूक कोणती घ्यावी, ती कशी लावावी आणि चाप केव्हा ओढू नये, ही तिन्ही उत्तरे त्यातच मिळतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून टाकावयास हवी. हौसेने हरीण मारणे आपल्या देशात गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची पद्धतच मोडीत काढली. काळवीट आणि चिंकारा ही आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या माळावरची दोन्ही जनावरे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांनी उभे पीक खाल्ले म्हणून त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही. अशा जनावराने माणसाच्या जिवास धोका उत्पन्न केला, किंवा ते बरे न होण्याइतके जखमी वा रोगी झाले, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी हुकूम देऊ शकतात. रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे विदर्भातला रोही, यांची गोष्ट निराळी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही दोन्ही जनावरे दुसऱ्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्यापासून उभ्या पिकास धोका असेल तर कायद्याच्या ११ व्या कलमाखाली अधिकृत वनाधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. अशा रीतीने मारलेले जनावरही मारणाऱ्याचे होत नाही. ३९ व्या कलमाप्रमाणे ती सरकारची मालमत्ता असते. तेव्हा मांसाच्या आशेने बंदुकीचा विचार करणाऱ्याने हे पान येथेच मिटावे.

मग हरणाच्या बंदुकीची विद्या आज कोणाच्या उपयोगाची? याचे उत्तर आपल्या भूगोलात आहे. जुन्या काळी शिकार कायदेशीर होती तेव्हासुद्धा आपल्या माळावरच्या काळविटाला छऱ्याची बंदूक फारशी उपयोगी पडत नसे. काळवीट उघड्यावर राहते, दुरून पाहते आणि माणूस दीड-दोनशे पावलांवर आला की कळप हलतो. तेथे रायफलच लागे. छऱ्याच्या बंदुकीतून एकच जड गोळी मारण्याचा प्रकार होता तो सह्याद्रीच्या आणि विदर्भाच्या रानांतला. तेथे चितळ, सांबर वा डुक्कर दाट झाडीत तीस-चाळीस पावलांवर एकाएकी समोर उभे राहते, आणि जड गोळी जवळून लागावी हेच महत्त्वाचे असते. आपल्याकडे तसे रान नव्हते. भीमेवर उजनीचे धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले, कालव्याचे पाणी फिरले, जेथे ज्वारी होती तेथे ऊस उभा राहिला, आणि उसाच्या रूपाने दाट रानच आपल्या बांधापर्यंत आले. त्या रानात डुक्कर सुखाने राहते, दिवसा फडात आणि रात्री मक्यात. म्हणून जी विद्या एके काळी घाटातल्या शिकाऱ्याची होती, ती आज पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्या मोजक्या शेतकऱ्यांच्या कामाची झाली आहे. ज्यांच्या हाती बंदूक नाही अशा श्रोत्यांनाही ती कळावी, कारण शेजारच्या शेतात सुटलेली गोळी बांध ओळखत नाही.

आता बंदुकीकडे वळू. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो. त्याने गोळी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा राखते. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमाने शेतकऱ्यास जी सवलत दिली आहे ती या गुळगुळीत नळीचीच. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास निदान वीस इंच लांबीच्या नळीची दुसरी गुळगुळीत बंदूक, अशी ती तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे.

"बारा बोअर" हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो, परंतु त्याचा अर्थ थोड्यांना ठाऊक असतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बेताची बसेल ती बारा बोअरची नळी. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद आणि वीस बोअरची त्याहून अरुंद. आकडा मोठा तशी नळी लहान, असा हा उलटा हिशेब आहे. बारा बोअरच्या नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर भरतो. एकगोळी काडतुसातली गोळी साधारण एक औंसाची, म्हणजे २८ ग्रॅमची असते. मोठ्या रायफलीची गोळी दहा ते पंधरा ग्रॅमची असते, यावरून तिच्या वजनाची कल्पना यावी.

गुळगुळीत नळीतून साधी वाटोळी गोळी मारली तर ती थोड्याच अंतरात भरकटते. यावर शोधकांनी तीन उपाय काढले. कर्नल फॉस्बेरी या हिंदुस्थानात नोकरी केलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८५ साली नळीच्या तोंडाकडच्या शेवटच्या दोन-एक इंचांतच पीळ पाडण्याची युक्ती काढली. हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कारखान्याने ती "पॅराडॉक्स" या नावाने विकली, आणि एकाच बंदुकीने सकाळी तितर व संध्याकाळी सांबर मारू इच्छिणाऱ्या साहेबांत व संस्थानिकांत ती फार मानली गेली. दुसरा उपाय जर्मनीतल्या विल्हेल्म ब्रेनेके यांचा, १८९८ चा. त्यांनी गोळीच्या मागे नमद्याची हलकी चकती जोडून टाकली. तिसरा अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांचा, १९३१ चा. त्यांनी गोळी मागून पोकळ केली. या दोन्हींचे तत्त्व बॅडमिंटनच्या फुलाचे आहे. वजन पुढे आणि हलका भाग मागे असल्यामुळे गोळी न उलटता तोंड पुढे ठेवून जाते. तिच्या अंगावर तिरप्या रेषा असतात, त्या पाहून ती रायफलीच्या गोळीसारखी फिरत असेल असे पुष्कळांना वाटते. वास्तविक त्या रेषांचा मुख्य उपयोग असा की, नळी तोंडाशी अरुंद असली तर शिसे त्यांत दबून गोळी सुखरूप बाहेर पडते.

अशा काडतुसास आपल्याकडचे जुने शिकारी "बॉल" किंवा "लीथल बॉल" म्हणत. परदेशी डब्यांवर "स्लग" असे छापलेले असते. बारा बोअरची काडतुसे आपल्या देशातही होतात. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि त्याची "शक्तिमान" काडतुसे खेड्यापाड्यांत परिचयाची आहेत. घेताना डब्यावरचे नाव, छऱ्याचा प्रकार आणि काडतुसाची लांबी या तीन गोष्टी वाचूनच घ्यावे.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. एकाच गोळीपेक्षा नऊ मोठे छरे बरे, एक ना एक लागेलच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. एसजी काडतुसात साधारण नऊ मोठे छरे असतात. पंधरा-वीस पावलांवर ते एकत्र लागतात आणि काम करतात. चाळीस पावलांवर ते दाराएवढ्या जागेत विखुरतात. त्यातला एखादा पोटात, एखादा मांडीत लागतो, आणि जनावर त्या क्षणी न पडता चार दिवसांनी कोठेतरी मरते. "एक ना एक लागेल" या वाक्यातच सारी क्रूरता आहे. एकगोळीत ही पळवाट नाही. ती बरोबर लागते किंवा चुकते, आणि चुकण्याचा दोष छऱ्यांवर टाकता येत नाही.

आता बंदूक निवडताना काय पाहावे ते क्रमाने सांगतो.

आपल्याकडे नवी बंदूक घेणारे थोडे. वडिलोपार्जित किंवा परवान्यावर हस्तांतरित झालेली जुनी बंदूकच बहुधा हाती येते. तेव्हा पहिली तपासणी नळीच्या जातीची. जुन्या काही नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकत्र गुंडाळून केलेल्या असतात. त्यांच्यावर पाण्याच्या लाटांसारखी सुंदर नक्षी दिसते. त्यांना दमास्कस नळ्या म्हणतात. त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या आहेत. आजच्या बिनधुराच्या दारूची काडतुसे, त्यातही एकगोळीची, त्यांतून कधीही मारू नयेत. ती बंदूक भिंतीवर शोभते, तेथेच राहू द्यावी. दुसरी तपासणी काडतुसाच्या घराची. पुष्कळ जुन्या विलायती बंदुकांचे घर अडीच इंची काडतुसाचे असते. पावणेतीन इंची काडतूस त्यात बसलेले दिसते, कारण न उडालेल्या काडतुसाचे तोंड मुडपलेले असते, परंतु उडताना ते उघडण्यास जागा मिळत नाही आणि दाब धोक्याच्या वर जातो. म्हणून नळीच्या खालच्या बाजूचे शिक्के परवानाधारक कारागिराकडून वाचवून घ्यावेत. बिनधुराच्या दारूसाठी नळी तपासल्याचा शिक्का आहे की नाही, हेही त्यातच कळते.

तिसरी तपासणी अंगाची. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून नळी आकाशाकडे धरावी आणि आतून पाहावी. गंजाचे खड्डे किंवा पोचे असतील तर प्रकाशाची वर्तुळे वाकडी दिसतात. मग पुढचा लाकडी हात काढून, बंदूक मिटवून नळ्या हलवून पाहाव्यात. तेथे खुळखुळ लागत असेल तर ती बंदूक एकगोळीच्या कामाची नाही. चापही पाहावा. फार जड चाप ओढताना नेम हलतो आणि फार हलका चाप माणसाचा घात करतो. दोन्हींची दुरुस्ती घरी कानस घेऊन करण्याची गोष्ट नव्हे.

चौथी गोष्ट "चोक", म्हणजे नळीचे तोंडाशी केलेले अरुंदपण. छरे दूरपर्यंत एकत्र जावेत म्हणून ते करतात. पूर्ण चोक म्हणजे फक्त एक मिलिमीटरची चिमट, पण तेवढ्याने चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात शेकडा सत्तर छरे पडतात. चिमट नसलेल्या सरळ नळीतून शेकडा चाळीस पडतात. एकगोळीला मात्र ही चिमट मदत करीत नाही, उलट तिचा आकार बिघडवते. एकगोळीसाठी सरळ किंवा अगदी अल्प चोकाची नळी उत्तम. पूर्ण चोकातून जाड, घट्ट गोळी मारणे नळीलाही धोक्याचे आहे. आपल्याकडच्या बहुतेक दुनळींत उजवी नळी मोकळी आणि डावी चोकाची असते. तेव्हा एकगोळी काडतूस उजवीत घालावे, हा साधा नियम पुष्कळ चुका टाळतो.

एकनळी घ्यावी की दुनळी? छऱ्यासाठी दुनळीची प्रतिष्ठा मोठी आहे. पण तिच्या दोन नळ्या अशा बेताने जोडलेल्या असतात की छऱ्यांचे दोन्ही बार चाळीस यार्डांच्या आसपास एका जागी यावेत. काडतुसाचे वजन आणि वेग बदलला की हा हिशेब मोडतो, आणि एका नळीची गोळी डावीकडे तर दुसरीची उजवीकडे जाऊ लागते. चांगल्या नळीची साधी एकनळी या कामात पुष्कळदा महागड्या दुनळीहून खरी ठरते. वजनाचे म्हणाल तर सात पौंडांच्या आसपासची बंदूक बरी. हलकी बंदूक खांद्यावर मिरविण्यास सोयीची, पण एक औंसाच्या गोळीचा धक्का तीच अधिक जोराने देते, आणि ज्याला धक्क्याची धास्ती बसली तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो.

पाचवी गोष्ट बंदूक अंगाला बसणे. छऱ्याच्या बंदुकीवर पुढे फक्त एक मणी असतो, ज्याला माशी म्हणतात. मागे खाच नसते. मागची खाच म्हणजे आपला डोळाच. डोळा आणि माशी यांत सुमारे छत्तीस इंच, म्हणजे एक यार्ड अंतर असते. आता हिशेब करा. गाल दस्त्यावर नीट न टेकल्यामुळे डोळा फक्त एक अष्टमांश इंच वर राहिला, तर चाळीस यार्डांवर ती चूक चाळीस पट होते, म्हणजे गोळी पाच इंच वर जाते. वीतभर वर्तुळाच्या मध्यापासून पाच इंच म्हणजे वर्तुळाच्या बाहेर. नखाच्या जाडीच्या चुकीने एवढे होते. म्हणून बंदूक घेण्यापूर्वी एक परीक्षा करावी. रिकामी बंदूक हाती घ्यावी, समोर भिंतीवरच्या खुणेकडे पाहून डोळे मिटावेत, बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. माशी नळीच्या मधोमध आणि खुणेवर दिसली तर दस्ता आपल्या मापाचा. मान ताणावी किंवा वाकवावी लागली तर दस्ता लांब, आखूड किंवा वाकडा आहे. विलायती दस्ते लांब हातांच्या माणसांसाठी केलेले असतात. ते थोडे कापून घेण्यात कमीपणा नाही.

केवळ एकगोळीसाठीच बंदूक ठेवावयाची असेल तर नळीवर मागे एक साधी खाच बसवून घ्यावी. डोळ्याची जागा मग नशिबावर राहत नाही. परदेशात पीळ असलेली खास नळी आणि वर दुर्बीण लावण्याची चाल आहे. परंतु आपला कायदा शेतकऱ्याच्या हाती गुळगुळीत नळी देतो, आणि ज्या अंतराची आपण गोष्ट करीत आहोत त्यास खाच व माशी पुरी आहे.

आता लावणीचे काम. हे बांधावर करावयाचे नाही. रायफल क्लबच्या अथवा अन्य अधिकृत चांदमारीवर, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी, कान झाकून करावयाचे आहे. पाठीमागे पुठ्ठा लावून मोठा कागद ताणावा, त्यावर वीतभर वर्तुळ काढावे आणि मध्यभागी काळा ठिपका द्यावा. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवावी. नळी पिशवीला टेकवू नये, पुढचा लाकडी हात टेकवावा. प्रथम पंचवीस यार्डांवरून, एकाच नळीतून, एकाच प्रकारची तीन काडतुसे, प्रत्येकी एकाच ठिपक्यावर नेम धरून सोडावीत. मग कागदाकडे चालत जावे.

कागद दोन प्रकारे बोलतो. तीन भोके जवळजवळ पण ठिपक्यापासून दूर असतील तर बंदूक प्रामाणिक आहे, तिची खाच तेवढी हलवावयाची आहे. गोळी जिकडे न्यावयाची तिकडे मागची खाच सरकवावी, हा नियम ध्यानात ठेवावा. तीन भोके तीन दिशांना असतील तर खाच हलवून काही होणार नाही. मग काडतुसाचा प्रकार बदलून पाहावा. एकाच बंदुकीतून एका प्रकारची गोळी तळहातात मावेल इतकी जवळ पडते आणि दुसऱ्या प्रकारची ताटभर विखुरते. याचे कारण नळीच्या मापातल्या केसाएवढ्या फरकांत असते, आणि ते कागदावाचून कोणालाही सांगता येत नाही. जुळलेले काडतूस सापडले की तेच ठेवावे. परवान्यावर काडतुसांची संख्या मर्यादित असते म्हणून पुष्कळजण ही परीक्षा टाळतात. आमचे म्हणणे उलट आहे : थोडीच मिळतात म्हणूनच त्यातली काही कागदावर खर्च केली पाहिजेत.

पंचवीसवर जमले की पन्नासवर जावे. बहुधा गुळगुळीत नळीची हद्द येथेच कोठेतरी लागते. याला वेगाचे कारण आहे. एक औंसाची पोकळ गोळी नळीतून सुटते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे १,५५० फूट असतो. पन्नास यार्डांवर तो बाराशेच्या आत येतो आणि शंभर यार्डांवर हजाराच्या आत. शंभरावर तिचा जोर सुरुवातीच्या निम्म्याहूनही कमी राहतो, आणि पन्नासवर बरोबर लावलेली बंदूक तेथे गोळी सुमारे अर्धा फूट खाली टाकते. ज्या अंतरावर आपल्या तिन्ही गोळ्या वर्तुळात पडणे बंद होते, त्याच्या अलीकडचे अंतर ही आपली सीमा. कोणाची ती पस्तीस यार्ड येईल, कोणाची पंचावन्न. तो आकडा दस्त्याच्या आतल्या बाजूस चिकटपट्टीवर लिहून ठेवावा. त्यात लाज नाही. नंतर हे सर्व बसून, आणि उभे राहून, पिशवीवाचून करून पाहावे. बहुतेकांची सीमा तेथे आणखी दहा यार्डांनी मागे सरकते.

पळत्या जनावराचाही हिशेब येथेच सांगून टाकू. पन्नास यार्ड जाण्यास गोळीला सेकंदाचा सुमारे नववा भाग लागतो. ताशी तीस किलोमीटर वेगाने धावणारे डुक्कर तेवढ्यात तीन फूट पुढे जाते. खांद्यावर धरलेला नेम मागच्या मांडीवर पडतो. म्हणून आडवे, उभे, थांबलेले जनावर असेल तरच बार टाकावा, आणि तोही पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात असे घडले. रीतसर परवानगी असलेल्या एका शेतकऱ्याने सायंकाळी मक्याच्या कडेला डुक्कर पाहिले. अंतर ऐंशी पावलांचे होते. हाती चांगली दुनळी होती, पण तिच्यातून एकगोळी काडतूस कागदावर कधी मारलेले नव्हते, आणि त्या घाईत ते डाव्या, चोकाच्या नळीत होते. बार झाला, डुक्कर एकदा कोलमडले, उठले आणि शेजारच्या उसात शिरले. वाटेवर रक्ताचे थेंब होते. अंधार पडला. त्या फडात दुसऱ्या दिवशी पहाटे ऊसतोडीची टोळी उतरावयाची होती, बायका-मुलांसह. जखमी डुक्कर उसाच्या दाटीत काय करते हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगावयास नको. त्या रात्री आम्ही काहीजण कोयत्यावाल्यांच्या झोपड्यांवर गेलो आणि मुकादमास सारे सांगितले. तोडणी एक दिवस थांबली. तो रोज बुडाला तो त्या मजुरांचा, आणि त्याची भरपाई त्या शेतकऱ्याने आपल्या खिशातून केली. वनखात्याच्या माणसांबरोबर शोध घेतला तेव्हा दुपारी ते जनावर मेलेले सापडले. गोळी पोटात, बरीच मागे लागली होती. त्या सद्गृहस्थांनी मग चांदमारीवर जाऊन कागद लावला. ऐंशी यार्डांवर त्या डाव्या नळीच्या तीन गोळ्यांत दोन हातांचे अंतर पडले. उजवीने चाळीसवर तिन्ही गोळ्या वर्तुळात टाकल्या. बंदुकीत दोष नव्हता. तिला विचारलेच नव्हते.

शेवटचा मुद्दा जनावराच्या पलीकडचा. अमेरिकेच्या ओहायो, इलिनॉय, आयोवा अशा सपाट, शेतीच्या व दाट वस्तीच्या राज्यांत हरणासाठी पुष्कळ वर्षे रायफलीला बंदी आणि एकगोळीच्या बंदुकीलाच परवानगी होती. अलीकडे तेथे काही जातींच्या रायफलींना सवलत मिळू लागली आहे. कल्पना अशी की, जड व मंद गोळी लवकर जमिनीवर येते. ते खरे, पण पुरते खरे नाही. चुकलेली गोळी सात-आठशे यार्ड जाऊ शकते. शिवाय जमिनीला समांतर मारलेली जड गोळी रायफलीच्या पातळ गोळीसारखी फुटत नाही. ती जमिनीवर आपटून उसळते आणि तशीच पुढे जाते. आपला प्रदेश तर त्यांच्याहून गजबजलेला. उसापलीकडे वस्ती असते, मोटारीवर कोणी पाणी देत बसलेला असतो, आषाढीच्या दिवसांत पंढरीच्या वाटेने माणसांची रांग असते. म्हणून जनावराच्या मागे माती दिसली पाहिजे : नाल्याची दरड, कालव्याचा भराव, शेततळ्याचा बांध. मागे ऊस दिसतो याचा अर्थ मागे काय आहे ते दिसत नाही, एवढाच होतो. माचाणावरून खाली मारलेला बार याच कारणाने अधिक सुरक्षित असतो, कारण गोळी जनावरामागच्या मातीतच रुतते.

इतके सर्व पाळावयाचे म्हटल्यावर बार टाकण्याच्या संधी फारच थोड्या उरतील, अशी शंका कोणी घेईल. ती खरी आहे. दहा वेळा जनावर दिसले तर आठ वेळा ते सीमेपलीकडे, पळते, किंवा उसाला पाठ लावून असेल. पिकाचे खरे संरक्षण बंदुकीने होत नाही. ते कुंपणाने, रात्रीच्या राखणीने, आणि नुकसान झाल्यावर वेळेत पंचनामा करून वनखात्याकडे भरपाई मागण्याने होते. बंदूक हा त्यानंतरचा उपाय आहे. परंतु ज्याच्या हाती तो आहे त्याने ठासून भरण्यापूर्वी एक रविवार आणि काही काडतुसे कागदासाठी काढावीत, आणि जो आकडा कागद सांगेल तो मानावा. पुढच्या वेळी पारावर कोणी विचारले, "ही किती लांब मारते?" तर त्याने दस्त्यावरची चिकटपट्टी दाखवावी आणि सांगावे, "चाळीस पावले. त्यापुढे मी मारीत नाही."